जुन्या कोब्यावर ॲसिड स्टेन आणि कोरीव काम: रंग टिकला, खाचांनी छळलं

आमच्या अंगणातल्या जुन्या कोब्याला ॲसिड स्टेनने, म्हणजे काँक्रीटशी अभिक्रिया करून रंग देणाऱ्या द्रावणाने, तपकिरी रंग दिला, कटरने रेघा कोरून चौकोन पाडले आणि वर सीलर, म्हणजे संरक्षक पारदर्शक थर, मारला. पहिला दमदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी अंगणातल्या सगळ्या खाचा पांढऱ्या दिसायला लागल्या. मधले तपकिरी चौकोन जसेच्या तसे, फक्त कोरलेल्या रेघांमध्ये दुधी पापुद्रा. ठेकेदाराला फोटो पाठवले. उत्तर आलं, "खालून ओल येतेय, कोबा तुमचा जुना आहे, हे वॉरंटीत बसत नाही." त्या उत्तराने डोकं फिरलं, म्हणून आधी तेच लिहितो.

खालून ओल येत असेल तर ती फक्त रेघांमधूनच कशी येते? काँक्रीट एक, माती एक, पाऊस एक. चौकोन स्वच्छ आणि रेघा पांढऱ्या, याचा अर्थ फरक वर मारलेल्या सीलरमध्ये आहे. खात्रीसाठी मागच्या बाजूला स्टेन न केलेला जो पट्टा उरलाय, त्यावर साधारण ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवलं. ही ओल तपासायची जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. प्लास्टिकखाली ना थेंब, ना काँक्रीट काळपटलेलं. तो फोटोही पाठवला. मग ठेकेदाराची भाषा बदलली: माणूस देतो, माल तुमचा. मी म्हटलं, मालही तुमचाच. त्यावर बरीच ओढाताण झाली.

खरं कारण खाचेच्या तळाशी होतं. आमच्याकडे आधी स्टेन आणि मग कोरीव काम असा क्रम होता. त्यात कटरची रेघ रंगीत थर कापून आतला राखाडी काँक्रीट उघडा करते आणि सांधे भरलेल्या फरशीसारखी दिसते. दिसायला उत्तमच. खोली जेमतेम ३ मिलिमीटर. पण सीलर रोलरने फिरवला की जास्तीचा सगळा त्या रेघेत वाहून साचतो. चौकोनावर पातळ थर, खाचेत जाड. बाहेरचा काँक्रीट थोडंफार पाणी ओढतो आणि वाफेच्या रूपाने सोडत राहतो. पातळ थरातून ती निघून जाते, जाड थराखाली अडकते आणि सीलर पांढरा पडतो. रोलरमागून कोरडा ब्रश घेऊन एक माणूस फिरला असता आणि खाचांमधला साचलेला सीलर पसरवत गेला असता, तर ही वेळच आली नसती. एवढ्याशा कष्टाची कसर सगळ्या अंगणाने भोगली.

तोपर्यंत माझं मत ठरलं होतं की या भानगडीत कुणी पडू नये. ते बदललं झायलीनमुळे. सीलर पाण्यातला नव्हता, सॉल्व्हंटमधला (द्रावकात विरघळवलेला) ॲक्रिलिक होता, त्यामुळे एका कोपऱ्यातल्या खाचेत थोडं झायलीन, म्हणजे असा सीलर विरघळवणारं द्रावक, टाकून ब्रशने घासून पाहिलं. सीलर सैल झाला, अडकलेली ओल निघून गेली आणि सुकल्यावर रेघ पुन्हा स्वच्छ राखाडी. शेजारच्या तपकिरी रंगाला धक्काही नाही. (झायलीन ज्वालाग्राही आहे आणि त्याची वाफ डोक्यात जाते. उघड्यावरच वापरा, आसपास आग नको, हातमोजे आणि वाफेसाठीचा मास्क हवाच. पाण्यातल्या सीलरवर या उपायाचा भरवसा धरू नका.) शेवटी ठेकेदाराच्या माणसांनी सगळ्या खाचा अशाच साफ केल्या. निम्मा माल त्याने दिला, निम्मा मला घ्यावा लागला. तो निम्मा मला अजून खुपतो.

रंगाबद्दल मात्र मी पूर्ण खूश आहे. ॲसिड स्टेन हा वरून दिलेला लेप नसतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडातले लोखंड, मँगनीज, तांबे यांचे क्षार सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी अभिक्रिया करतात आणि तयार झालेलं रंगीत संयुग काँक्रीटच्या अंगातच बसतं. त्यामुळे रंगाचे पोपडे निघत नाहीत. सीलर पांढरा पडला, उडाला, गाडीच्या चाकाला चिकटून निघाला, तरी खालची तपकिरी छटा शाबूत. मला आधी हिरवट-निळी छटा हवी होती, पण ती तांब्याच्या क्षारांची असते आणि सतत ओल लागली की काळवंडते. उघड्या अंगणात तपकिरी घेतली हे फार बरं झालं.

एकसारखा रंग हवा असणाऱ्यांनी मात्र इकडे वळू नये. जिथे छपराचं पाणी वर्षानुवर्षं पडत होतं, तिथे कोब्याचा चुना धुऊन गेलाय आणि स्टेन फिका बसलाय. जुन्या डागडुजीचं थिगळ वेगळ्याच रंगाचं उठून दिसतं. तडे लपत नाहीत, उलट ठळक होतात. आमच्याकडे लांबलेला एक तडा ठेकेदाराने कोरीव रेघांच्या नक्षीत ओढून घेतला, ते काम खरंच सुरेख झालंय. स्टेननंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेलं ॲसिड निष्प्रभ करून, पीएच कागदाने तपासून, वरची भुकटी निघेपर्यंत धुणं हेही त्याने मन लावून केलं. ती भुकटी राहिली असती तर सीलर धरलाच नसता.

कोरीव कामाच्या दिवशी एका गोष्टीवरून मी काम थांबवलं होतं. कारागिराने ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून कोरडंच कापायला घेतलं, तोंडाला साधा रुमाल. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि तिचे सर्वांत बारीक कण फुफ्फुसात बसले की सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. अमेरिकेच्या 'ओशा' या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१६ च्या नियमात आठ तासांच्या पाळीसाठी श्वासात जाणाऱ्या सिलिकाची मर्यादा घनमीटर हवेत सरासरी ५० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. कोरड्या कापण्यात उडणारा लोट पाहिला की ही मर्यादा किती कडक आहे ते कळतं. ब्लेडला आवरण आणि व्हॅक्यूम आल्यावरच काम पुढे सुरू झालं, मास्कही आले. पाणी मारून कापायचं असेल तर कापताना होणारा चिखल रंगीत भागावर वाळू देऊ नका, पांढरा थर धरतो.

पैशांचा हिशेब आजही माझ्या बाजूने आहे. कोबा फोडावा लागला नाही, राडारोडा वाहावा लागला नाही, फरशी बसवल्यावर वाढते तशी जमिनीची पातळी वाढली नाही, त्यामुळे फाटक खालून घासत नाही. खर्चाला कायमचा लागलेला एकच नळ म्हणजे सीलर. ॲक्रिलिकचा पातळ थर उघड्यावर दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तो त्याच खाचांमध्ये साचणार. खाचेत माती अडकते ती वेगळीच. झाडूने निघत नाही, खराट्याने घासावी लागते. रेघा निम्म्या ठेवल्या असत्या तरी अंगण इतकंच देखणं दिसलं असतं, असं मला रोज झाडताना वाटतं.

गाडी उभी राहते तिथला थर गरम चाकांनी मऊ होऊन उचलला गेलाय. ठेकेदार म्हणतोय, पुढच्या हाताचा ॲक्रिलिक आत्ताच घेऊन ठेवा. मी घेतलेला नाही. त्या पट्ट्यातला उरलेला सीलर काढून तिथे सिलेन-सिलोक्सेनचं आत मुरणारं सीलर मारून घेणार आहे. त्याचा थर बनत नाही, त्यामुळे खाचेत साचून पांढरं पडायला आणि चाकाला चिकटायला वर काही उरतच नाही. चकाकी जाईल, रंगही थोडा कोरडा दिसेल. पावसाळा नीट निघाला तर बाकीच्या अंगणालाही तेच.