जुन्या स्टीलच्या स्नेअरला नव्या स्किन: पावसाळाभर वाजवल्यानंतरचा अनुभव

माझा स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला खालून तारा लावलेला ड्रम, काही भारी वगैरे नाही, १४ बाय साडेपाच इंच, स्टीलचा, ८ लगचा (लग म्हणजे ताण देणारे रॉड ज्यात बसतात ते), सेकंडहँड. कुठेही मारा, टण्ण करून वाजायचा आणि मागे एक शिट्टीसारखा आवाज रेंगाळत राहायचा. ग्रुपमधले सगळे म्हणाले लाकडी घे, हा विकून टाक. मी म्हटलं आधी स्किन, म्हणजे ड्रमवर ताणलेला प्लास्टिकचा पडदा, तर बदलू. पावसाळ्याच्या तोंडावर वरती रेमो कंपनीची कोटेड अँबॅसेडर (वर पांढरा खरखरीत थर असलेली स्किन) टाकली, खाली त्यांचीच स्नेअर साइडवाली आणि २० तारांची नवी वायर. गणपती, नवरात्र, दोन-चार लग्नं सगळं ह्याच्यावरच वाजवलंय, म्हणून आता लिहितोय.

पहिलं म्हणजे खालची स्किन. आपल्याकडे वरची फाटली की वरची बदलतात, खालची ड्रम घेतल्यापासून तीच असते, कुणी उलटा करून बघतही नाही. ही वरची १० मिलची आहे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि खालची जेमतेम ३ मिल, एवढी पातळ असते म्हणूनच तारा हलक्या हाताला पण बोलतात. माझ्या जुन्या ड्रमला खाली कुणीतरी साधी जाड स्किन चढवून ठेवली होती, त्यामुळे जोरात मारलं तरच वायरचा आवाज, हळू वाजवलं की नुसता टॉम, म्हणजे तारा नसलेला साधा ड्रम. ती बदलल्या बदलल्या घोस्ट नोट, म्हणजे अगदी हळू वाजवलेले ठोके, ऐकू यायला लागल्या, अर्धं काम तिथेच झालं. फक्त ह्या स्किनवर काठी मारायची नाही, बोटाने ठोकून बघायचं.

आता लावायचं कसं. तबला लावताना जसं एक घर चढवलं की समोरचं घर बघतो तसंच इथे, एक रॉड फिरवला की लगेच बरोबर समोरचा, गोल गोल फिरत गेलात तर एक बाजू वर आणि एक खाली होणार. सगळे रॉड आधी हातानेच घट्ट करायचे, मग चावीने अर्धा अर्धा फेरा, मधे तळहाताने स्किन दाबून बसवायची. वायर ऑफ करायची, म्हणजे खटक्याने स्किनपासून सोडवायची, ड्रम सतरंजीवर ठेवायचा म्हणजे दुसरी बाजू बोलत नाही, स्किनच्या मधोमध एक बोट हलकं टेकवायचं आणि कडेपासून इंच-दीड इंचावर प्रत्येक रॉडसमोर हळूच टक टक करत जायचं. जिथे सूर उतरलेला लागेल तिथे पाव फेरा. चढलेला असेल तर तो आधी चांगला खाली उतरवून मग परत वर आणायचा, नुसता सैल करून सोडला तर थोड्या वेळात आणखी उतरतो. हे सगळं कंटाळवाणं आहे, पण ती शिट्टी ह्यानेच जाते, स्किनवर टेप चिकटवून नाही.

मी फोनवर तानपुरा लावून बसतो. वरची स्किन सा धरली तर खालची ग पासून प पर्यंत कुठेतरी. ग ठेवला तर जरा भरीव, बॅलडला, म्हणजे संथ गाण्याला, बरा वाटतो. प ला नेला की कडक, लोकगीतांच्या मेडलीला तोच पाहिजे. मी मधे म वर ठेवतो आणि शक्यतो हात लावत नाही.

वायरच्या बाबतीत सगळे एकच करतात, आवाज फडफडतोय म्हणून स्क्रू आवळत जातात. मग ड्रम गुदमरतो आणि नुसता खट्ट वाजतो. उलट करा, पूर्ण सैल करा, हळूहळू आवळत या, आवाज साफ झाला की थांबा. वायर मधोमध आणि सरळ आहे ना तेही बघा.

बेस गिटार वाजला की वायर आपोआप करकरते हा त्रास मात्र पूर्ण गेलेला नाही. छोट्या टॉमचा सूर थोडा सरकवला आणि वायरच्या दोन्ही टोकांच्या बाजूचे खालचे रॉड जरासे सैल केले, तेव्हा बराच कमी झाला. थोडं करकरणारच, स्नेअर आहे तो.

साउंडवाल्यांची एक सवय असते, माइक लावायच्या आधीच टेप फाडून हातात तयार. रूममध्ये जी रिंग, म्हणजे ठोक्यामागे रेंगाळणारा आवाज, कानाला खटकते ती ब्रासच्या आणि गिटारच्या गर्दीत शिल्लकच राहत नाही, उलट तिच्यामुळेच स्नेअर मागच्या खुर्च्यांपर्यंत जातो. फार तर मूनजेलचा (रिंग दाबणाऱ्या चिकट जेलचा) अर्धा तुकडा कडेला. मी आता सरळ सांगतो, दादा आधी पूर्ण बँडबरोबर ऐका, मग लावा.

पावसाळ्यात प्लास्टिक स्किनला दमटपणाने फारसा फरक पडला नाही, तबल्याच्या कातडी पुडीसारखं काही नाही. पण लोखंडाला पडतो. तारांच्या टोकाला गंज दिसायला लागलाय, रॉड काढून पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्यावा लागला. रिमशॉट, म्हणजे काठी स्किनवर आणि कडेच्या रिंगणावर एकदम मारलेला ठोका, जिथे बसतो तिथले दोन रॉड सारखे सैल व्हायचे, त्यांना तेल नाही, नळाला लावतात ती पांढरी टेप एक वेढा, आता टिकतात. वरचं कोटिंग मधोमध काळं पडून उडालंय, आवाज थोडा उघडा झालाय पण अजून चालेल, लग्नसराई संपेपर्यंत तरी बदलत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वायरच्या गंजासाठी. आणि चावी दोन घ्या, एक दरवेळी कुणीतरी घेऊन जातंच.