गच्चीवरच्या नळीचे क्लिक कनेक्टर: अकरा महिने वापरल्यावर

आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवर साठेक कुंड्या आणि सहा ड्रम आहेत. अळू, कढीपत्ता, लिंबू, दोन केळी, बाकी फुलझाडं. त्यांना पाणी घालायचं काम चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस सातव्या मजल्यावरच्या काकूंनी मला घरात बोलावलं आणि बेडरूमच्या छताचा कोपरा दाखवला. "अगं, पाऊस जाऊन इतके दिवस झाले, मग ही ओल वाढतेय कशी?"

वर जाऊन पाहिलं. नळाला लावलेल्या प्लास्टिकच्या क्लिक कनेक्टरमधून, म्हणजे नळी टक्कन जोडायच्या तुकड्यातून, सेकंदाला एक थेंब पडत होता. नळीच्या टोकाची फवाऱ्याची नॉझल मिटायची आणि नळ तसाच चालू ठेवायचा, ही आम्हा सगळ्यांची सवय. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो, म्हणजे दिवसरात्र मिळून चार लिटरांहून जास्त पाणी काकूंच्या बरोबर डोक्यावर. कोब्याला भेग आधीपासून असेल, पण तिला रोज पाणी पाजत होती ती आमची नळी. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून या एवढ्याशा वस्तूच्या मागे लागले ते आजपर्यंत. तीन प्रकारचे सेट वापरून झाले, एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा गेला. जे कळलं ते लिहिते.

ही क्लिक पद्धत गार्डेना या जर्मन कंपनीने १९६८ साली बाजारात आणली. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे बहुतेक कनेक्टर, नाव काहीही असो, त्याच मापाचे असतात. त्यामुळे एकाची नॉझल दुसऱ्याच्या कनेक्टरमध्ये टक्कन बसते. पण बसली म्हणजे गळणार नाही, असं नव्हे. आतली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, किंचित बारीक असली किंवा खाच किंचित सैल असली की जोड हलतो, आणि हलला की थेंब सुटतो. विकत घेताना दुकानातच जोडून, हाताने डावीउजवीकडे हलवून पाहा. फिरला तर चालेल, कारण तो फिरण्यासाठीच असतो. लडबडला तर परत ठेवा.

पहिला सेट जुनाच, रस्त्यावरच्या दुकानातला, स्वस्त प्लास्टिकचा. त्याची मागची चकती, म्हणजे नळीवर आवळायची ती, उन्हात ठिसूळ होऊन उभी तडकली होती. गच्चीवरचं ऊन सकाळी नऊपासून पाचपर्यंत हटत नाही, त्यात असलं प्लास्टिक टिकायचं नाही. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरा सेट मी हौसेने घेतला. "पितळी आहे, आयुष्यभर बघायला नको," असं दुकानदार म्हणाले. पिवळा धमक, हातात जड. पहिले चार महिने सुंदर चालला. जूनमध्ये पाऊस लागला आणि आट्यांच्या कडेला पांढरी भुकटी धरू लागली. जुलैत तो नळावरून सुटेचना. प्लंबरदादांनी दोन पाने लावून जोर केला, शेवटी करवतीने कापावा लागला. कापल्यावर आतला धातू राखाडी दिसला. ते जस्ताचं मिश्रण होतं, वरून पिवळा मुलामा. जस्त आणि नळाचं खरं पितळ ओलीत एकत्र आले की जस्त झिजतं, त्याची पूड आट्यांत भरते आणि दोन्ही एकमेकांना धरून बसतात. म्हणून आता मी पितळी म्हणून काही घेतलं की घरी येऊन आतल्या कडेवर, दिसणार नाही अशा जागी, कानशीचा एक हात मारते. पिवळंच निघालं तर पितळ, पांढरट निघालं तर परत. लोहचुंबक लावून उपयोग नाही, कारण पितळ आणि जस्त दोन्ही त्याला चिकटत नाहीत. त्याने फक्त लोखंड पकडलं जातं.

तिसरा सेट एकाच कंपनीचा नाही, मी जुळवलेला आहे, आणि तोच आज चालू आहे. नळावर खऱ्या पितळेचा अडॅप्टर, म्हणजे नळाच्या आट्यांवर बसतो तो तुकडा. नळीच्या दोन्ही टोकांना जाड, चांगल्या प्लास्टिकचे कनेक्टर, बाहेरून रबरी पकड असलेले. सगळं पितळी का नाही, असं कोणी विचारेल. नळीचं टोक दिवसातून दहा वेळा लादीवर आपटतं. पितळेचं जड कनेक्टर आपटून त्याची कड चेपते, आणि कड चेपली की ओ-रिंग कापली जाते. शिवाय पितळी कनेक्टरमध्ये पकड घ्यायला बारीक गोळ्या असतात. त्यांत कुंडीतली माती गेली की कनेक्टर सोडवायला मागे ओढायची बाहेरची बाही सरकत नाही. माझ्या बहिणीची वर्सोव्याला समुद्रासमोर गॅलरी आहे, तिथे मात्र पूर्ण पितळी सेट दोन वर्षं छान चाललाय. रंग काळपट हिरवा झालाय, पण गळत नाही. तिची नळी चार मीटरची, जमिनीवर पडतच नाही. म्हणजे जागा बघूनच ठरवायचं.

आता मापाबद्दल, कारण खरी गळती इथेच सुरू होते. आपण दुकानात "अर्धा इंची पाइपाचं द्या" म्हणतो. अर्धा इंच हे नळीच्या आतल्या पोकळीचं माप, साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. पाऊण इंची म्हणजे एकोणीस. पण कनेक्टरची चकती नळी बाहेरून आवळते, आणि बाहेरची जाडी प्रत्येक नळीची वेगळी. आमचा जाळीचा तीन थरांचा पाइप जाड भिंतीचा आहे, त्यावर एका कंपनीची चकती पूर्ण फिरतच नव्हती. खाली माळीकाका वापरतात त्या पातळ हिरव्या पाइपवर तीच चकती शेवटपर्यंत आवळली तरी पाइप हाताने ओढून निघायचा. उपाय एकच: नळीचा वीतभर तुकडा कापून दुकानात घेऊन जा आणि त्यावर बसवून बघूनच घ्या. मी मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले होते, तिथल्या दुकानदारांनी असा तुकडा पाहिल्यावर न सांगता दोन-तीन प्रकार काढून दिले.

टोक कापताना घरातली सुरी नको, नवी ब्लेड घ्या, आणि काटकोनात कापा. तिरकं कापलं की नळी एका बाजूने पूर्ण आत बसते, दुसऱ्या बाजूने नाही, आणि पाणी तिथूनच वाट काढतं. नळी आत जात नसेल तर टोक दोन मिनिटं गरम पाण्यात धरा, मऊ होतं. तेल लावू नका.

नळाच्या आट्यांचंही तसंच. आपल्याकडच्या नळांचे आणि फिटिंगचे आटे ब्रिटिश मापाचे असतात, पाऊण इंचीला एका इंचात चौदा. ऑनलाइन मागवलेले काही अडॅप्टर अमेरिकन बागेच्या नळीसाठी बनवलेले असतात. त्यांचे आटे इंचाला साडेअकरा. दिसायला सारखेच. दीड फेरा सहज बसतात आणि मग अडकतात. जोर केला की पितळी नळाचे आटे खराब. माझा असा एक अडॅप्टर परत पाठवावा लागला. गॅलरीत बाग करणाऱ्यांना एक सोपी गोष्ट सांगते: वॉशिंग मशीनसाठी जो नळ असतो त्याचं तोंड पाऊण इंची ब्रिटिश आट्यांचंच असतं, पाऊण इंची अडॅप्टर त्यावर थेट बसतो.

आणि टेफलॉन टेप. प्लंबरदादा सवयीने पंधरा वेढे मारतात. या अडॅप्टरमध्ये पाणी अडवते ती आतली चपटी रबरी चकती, आपण जिला वायसर म्हणतो ती. ती नळाच्या तोंडाला सपाट टेकली पाहिजे. टेप जास्त झाली की अडॅप्टर पूर्ण वर चढत नाही आणि वायसर टेकतच नाही. आमच्या नळावर नेमकं हेच झालं होतं. सगळी टेप काढली, वायसर नवा घातला, हाताने आवळून वर पान्याने पाव फेरा दिला, आणि थेंब थांबला.

एक गोष्ट मला बरेच दिवस उलगडत नव्हती. एकच कनेक्टर खाली बागेच्या नळावर कोरडा राहायचा आणि गच्चीवर पाझरायचा. दाब खाली जास्त, मग गळायला तिथे हवं ना? दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार होतो. खालच्या नळावर सात मजल्यांचं पाणी, म्हणजे दोन बारांच्या वर. गच्चीचा नळ टाकीच्या तळापासून जेमतेम दोन मीटर खाली, म्हणजे बारचा पाचवा हिस्सा. पाण्याचा दाबच ओ-रिंगला खाचेच्या कडेशी दाबून धरतो. दाब कमी पडला की थोडी झिजलेली, थोडी कडक झालेली रिंग सैल बसते. त्यामुळे शेवटच्या मजल्यावर किंवा गच्चीवर राहणाऱ्यांनी रिंगकडे जास्त लक्ष द्यायला हवं. याच कारणाने मी आपोआप बंद होणारा वॉटरस्टॉप कनेक्टर गच्चीवर काढून टाकला. त्याच्या आतल्या झडपेत पाणी अडतं, आणि आधीच मंद असलेली धार आणखी मंदावते. खाली माळीकाकांकडे तो आनंदाने चालतोय.

ओ-रिंग बदलता येत नसेल तर तो कनेक्टर घेऊ नका, कितीही चांगला असला तरी. अकरा महिन्यांत मी रिंगा तीन वेळा बदलल्या. जुनी रिंग टूथपिकने काढायची (सुई नको, खाचेला ओरखडा पडतो), तीच दुकानात दाखवून डझनभर आणून ठेवायच्या. अगदी किरकोळ पैशांत येतात. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात. व्हॅसलीन किंवा खोबरेल नाही. काही रबर अशा तेलाने फुगतं, आणि आपली रिंग कोणत्या रबराची आहे ते बघून कळत नाही.

मे महिन्यात सोसायटीने बागेला बोअरिंगचं पाणी लावलं. तलावांचं पाणी मऊ, त्याने कधी काही बसलं नव्हतं. या पाण्याने महिन्याभरात निपलवर, म्हणजे कनेक्टरमध्ये शिरतं त्या तोंडावर, पांढरा खरखरीत थर धरला, आणि एक रिंग त्यावर घासून कापली गेली. लिंबाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासलं की निघतो. आता बोअरिंगचं पाणी चालू असेल तोवर दर पंधरा दिवसांनी करते.

सवयही बदलली. पाणी घालून झालं की आधी नळ बंद, मग नॉझल दाबून नळीतलं पाणी सोडायचं. उन्हात भरलेली, मिटलेली नळी तापून फुगते आणि चकतीतून हळूहळू बाहेर सरकते. माळीकाकांच्या नळीचं टोक एप्रिलच्या एका दुपारी असंच उडालं होतं.

काकूंच्या छताची ओल फेब्रुवारीपर्यंत सुकली. सोसायटीने मार्चमध्ये भेग भरून घेतली, तरी या पावसाळ्यात मी रोज नळाखाली स्टीलची वाटी ठेवली आणि पावसात भरू नये म्हणून वर पत्रा आडवा लावला. जुलैत दोन दिवस वाटीत पाणी दिसलं. तो करवतीने कापलेला अडॅप्टर होता. नवा बसवल्यापासून वाटी कोरडी आहे. गेल्या आठवड्यात नॉझलच्या बाजूची रिंग पुन्हा जरा कडक लागली, ती उद्या सकाळी बदलणार आहे.