विजेतेपदानंतर: बाहेरचे खेळाडू की घरचा दुसरा संघ?
लिमरिकच्या शॅनन क्लबने ऑल-आयर्लंड लीगमध्ये १९९५ ते १९९८ अशी सलग चार विजेतेपदे मिळवली; हौशी रग्बी क्लबला एक चांगला हंगाम टिकवणेही किती कठीण जाते हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच त्या चारांचे मोल कळेल.

विजेतेपद मिळवून वरच्या श्रेणीत जाणाऱ्या क्लबपुढे दोन वाटा असतात. बाहेरून तयार खेळाडू आणले, तर वरच्या श्रेणीतल्या दणकट प्रतिस्पर्ध्यांपुढे संघ लगेच उभा राहतो. मात्र नोकरी बदलली की असे खेळाडू निघून जातात, आणि वर्षानुवर्षे सरावाला येणारा घरचा खेळाडू राखीव बाकावर बसून हळूहळू येईनासा होतो.

दुसरा संघ आणि कनिष्ठ गट घडवण्याच्या वाटेवर सुरुवातीला पराभव सोसावे लागतात. पण स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात त्या रचनेच्या, पहिल्या फळीचा विचार करावा: तिथले तिघेही त्या जागेसाठी प्रशिक्षित असावेच लागतात, आणि दुखापतीनंतर तसा बदली खेळाडू नसेल, तर स्क्रम रेटारेटीविना खेळावा लागून संघाचे मोठे बळ निकामी होते. अशी फळी एका उन्हाळ्यात तयार होत नाही.

म्हणून माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. फार तर एखादा अनुभवी प्रॉप (पहिल्या फळीतला कडेचा खेळाडू) बाहेरून आणावा आणि मुलांना शिकवण्याचे कामही त्याच्याकडेच सोपवावे.