डिमेन्शियाचं डे-केअर: अकरा महिन्यांचा अनुभव

आमचे हे ७४ वर्षांचे, अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. मी ६९ची. मुलगा बंगळुरात. पहिली तीन वर्षं सगळं घरातच केलं. ब्युरोकडून माणसं ठेवून पाहिली, तिघं बदलले. संध्याकाळचे पाच वाजले की ह्यांचं "घरी चला, आई वाट बघत असेल" सुरू होतं. दाराला कडी घातली की दार बडवतात. त्याला कोण टिकणार?

डे-केअरला मी काही शहाणपणाने गेले नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दीड वर्ष पुढे ढकलत होते. गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं लागेनात. एके दिवशी ह्यांना मधुमेहाची गोळी दोनदा दिली गेली आणि साखर ५८ वर आली. त्या रात्री त्यांना चमच्याने गूळपाणी पाजताना ठरवलं. देशात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली वाचला होता. त्या सगळ्यांच्या घरच्यांनी आपली ऑपरेशनं कधी उरकायची, ते मात्र कुठे वाचायला मिळालं नाही. शेवटी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर विचारून पत्ते मिळवले.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेनऊ ते पाच. दिवसाचे ७५० रुपये, जेवण त्यात; गाडीचे वेगळे. पहिला आठवडा विश्रांती वगैरे काही नाही. तीन दिवस मला तिथेच बसवलं, नंतर मी आपणहून समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. दुसऱ्या आठवड्यात एकदा घरी येऊन आडवी झाले ती थेट गाडीच्या हॉर्नने उठले. जेवलेसुद्धा नव्हते.

केंद्र चांगलं की वाईट, हे मला त्यांच्या फॉर्मवरून कळलं. औषधं तर सगळेच विचारतात. इथे विचारलं होतं: घरात काय म्हणून हाक मारता, नोकरीत नेमकं काम काय होतं, कशाने चिडतात. हे ३४ वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, टपालाच्या सॉर्टिंगला होते. तिथल्या मावशींनी कुठून तरी लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं गोळा केली आणि ह्यांच्यापुढे ढीग ठेवला. मी दारातून बघत होते. आधी सगळी पाकिटं टेबलावर आपटून कडा जुळवल्या. मग पिनकोड बघून ४११ इकडे, ४१६ तिकडे, ४२२ पलीकडे, हात थांबेना. माझं नाव रोज आठवत नाही. पण माझं माहेर मिरज, ते म्हटलं की ४१६४१० अजूनही तोंडात तयार. शेजारच्या आजोबांनी एक पाकीट उलटं ठेवलं तर त्यांना असे झापले, की मला आमच्या लग्नानंतरचे हे दिसले. जुडग्यांना सुतळी बांधून झाल्यावर विचारलं, "बॅग गेली का?" मावशी म्हणाल्या, "गेली साहेब, महालक्ष्मी एक्सप्रेसला चढवली." त्या दिवशी संध्याकाळी दार बडवलं नाही. रोज असं होतं असं नाही, पण केंद्राच्या दिवशी संध्याकाळ निम्म्याने सोपी जाते.

आता मुक्कामाचं. ऑपरेशनसाठी आठ दिवस ठेवायला तेव्हा या केंद्रात पलंग रिकामा नव्हता, म्हणून दुसरीकडे ठेवलं. रोजचे २,००० रुपये. जागा चकाचक, पण मी ती सकाळी अकराला पाहिली होती, ही माझी चूक. अशी जागा संध्याकाळी सहाला पाहावी: ड्यूटी बदलते, सगळे पेशंट अस्वस्थ असतात आणि हाताशी माणसं किती हे तेव्हाच दिसतं. ह्यांना रात्री दोनदा लघवीला न्यावं लागतं, असं मी लिहून दिलं होतं. त्यांनी सरळ डायपर लावलं आणि मला न विचारता झोपेची गोळी चालू केली. घरी आणले तेव्हा वजन तीन किलोने कमी, चमचा हातात धरता येईना. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं. जाब विचारला तर "आजी, वय झालंय त्यांचं." नव्या जागेत असे पेशंट गोंधळतात, मान्य, पण डायपर जागेने लावलं नव्हतं. तीन आठवड्यांनी बरेचसे पूर्ववत झाले. शर्टाची बटणं मात्र तेव्हापासून मीच लावते.

जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "टाकायलाच लागलीस का आता?" एका रविवारी त्यांना ह्यांच्यापाशी बसवलं. साडेचारला आल्या, पावणेसहाला निघाल्या. तो विषय पुन्हा निघाला नाही.

इतकं सोसूनही मुक्कामाला मी नाही म्हणणार नाही. आधी काही महिने त्याच ठिकाणी दिवसा जाऊन माणसं सवयीची व्हायला हवीत, आणि नवी गोळी विचारल्याशिवाय द्यायची नाही हे लेखी घ्यायला हवं. माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत आहे. आमच्या केंद्रात रात्रीचे दोनच पलंग आहेत. पाच दिवसांसाठी नाव आत्ताच लावून आलेय, आणि येता-जाता लोकांकडून लग्नपत्रिकांची पाकिटं मागून घेतेय. पिनकोड असलेलीच.