आठ व्हॉल्व्हचा ठिबक कंट्रोलर: बोर्ड पक्का, पडदा कच्चा

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागांत ठिबकसाठी जे कंट्रोलर बसवले जातात, त्यांतला एक नेहमीचा संच इथे पारखला आहे: आठ व्हॉल्व्ह, दोन खतटाक्या, सिमकार्ड आणि मोबाइल ॲप. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत बोर्ड आणि पॅनेल बनवणाऱ्या अभियंत्यांनी यातले दोष आपापल्या मालाशी ताडून पाहावेत, एवढाच हेतू आहे.

बोर्डाचं काम चांगलं आहे. २४ व्होल्ट एसीच्या प्रत्येक सोलेनॉइडला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विद्युत कॉइलला, वेगळा फ्यूज आहे, विजेच्या तीन फेजपैकी एखादा गेला की मोटरची वीज तोडली जाते, विहीर आटली तर मोटरचा करंट पाहून ड्राय रन, म्हणजे पाण्याविना फिरणं, पकडलं जातं. पेटीही धूळ-पाण्याला दाद देत नाही.

खोट आहे ती माणूस आणि यंत्र यांच्या मधल्या जागेत. आपण काय हुकूम दिला ते हा कंट्रोलर दाखवतो, बागेत काय घडलं ते दाखवत नाही.

ॲपवर ‘चालू’ दाबलं की बटण लगेच हिरवं होतं. त्या क्षणी हुकूम मोबाइलमधून जेमतेम निघालेला असतो. नेटवर्क, मॉडेम, रिले, स्टार्टर, मोटर, फिल्टर, व्हॉल्व्ह अशी सगळी साखळी अजून पुढेच असते. काही सेकंदांनी ॲप पेटीकडे स्थिती विचारतं, मोटर अजून सुरू झालेली नसते, म्हणून बटण पुन्हा लाल होतं. साहजिकच माणूस परत दाबतो. खरा घोटाळा इथे आहे, कारण ॲप ‘चालू कर’ असं सांगतच नाही, ‘आहे त्याच्या उलट कर’ असं सांगतं. पहिल्या हुकमाने नुकती फिरू लागलेली मोटर दुसऱ्याने बंद पडते, तिसऱ्याने पुन्हा चालू. डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना मोटर नेहमीच्या ५ ते ७ पट करंट खेचते; असे लागोपाठ झटके बसले की वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापते.

उपाय महागडा नाही. ‘चालू’ आणि ‘बंद’ हे दोन वेगळे हुकूम हवेत आणि प्रत्येकाला क्रमांक हवा, म्हणजे तोच हुकूम दोनदा आला तर पेटी दुसरा सोडून देईल. पडद्यावर तीन पायऱ्या दिसाव्यात: पाठवला, पेटीला मिळाला, पाणी सुरू. तिसऱ्या पायरीसाठी फिल्टरच्या पुढे एक प्रेशर स्विच बसवावा. १० सेकंदांहून जास्त वेळ लागणार असेल तर काम कुठवर आलंय ते सांगत राहायचं, हा नियम ॲप आणि पडदे घडवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तो पाळलेला नाही.

दुसरी खोट जास्त नुकसानीची. शेतीची थ्री फेज वीज ठरावीक तास येते, अनेकदा रात्री, आणि मधेच जाते. त्यामुळे वीज परत आल्यावर पेटी काय करते यावर सगळं अवलंबून आहे. कारखान्यातून येताना ही पेटी ‘व्हॉल्व्ह १ पासून पुन्हा’ अशी लावलेली असते. पाचव्या व्हॉल्व्हवर वीज गेली, की पुढच्या खेपेला पहिल्या चार प्लॉटना दुसऱ्यांदा पाणी मिळतं आणि वीज पुन्हा तेवढीच टिकली तर शेवटचे तीन कोरडे राहतात. मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागल्यावर, असं जादा पाणी बसलं तर मणी तडकतात. हे बदलायची सोय आहे, पण ती पाचव्या मेनूत ‘पॉवर मोड ०/१’ अशा नावाने दडलेली आहे. ० म्हणजे काय, १ म्हणजे काय, ते पडद्यावर कुठेच लिहिलेलं नाही. पेटी बसवतानाच पहिला प्रश्न हा हवा: वीज गेल्यास राहिलेलं पाणी पूर्ण करू, की पहिल्यापासून देऊ?

पाण्याचं मापही असंच. शेतकरी तासात बोलतो, ॲप घनमीटर मागतं. ९ बाय ५ फुटांवरच्या बागेत एकरी साधारण ९६८ झाडं बसतात. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले तर तासाला ७,७४४ लिटर, म्हणजे ७.७ घनमीटर. ॲप ७.७ घेतं तसंच ७७ही मुकाट्याने घेतं. ड्रिपरची संख्या एकदा भरून घेतली तर तास आणि लिटर शेजारी-शेजारी दाखवता येतात आणि दहापट आकड्याला जागीच अडवता येतं.

खताच्या वेळापत्रकात १५ मिनिटं पाणी, ३० मिनिटं खत, १५ मिनिटं पुन्हा पाणी हा क्रम चांगला दिला आहे. पण खत चालू असताना वीज गेली तर परत आल्यावर लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या नळ्या) धुण्याची आठवण पेटी ठेवत नाही. टाकी भरताना ॲप खताचं नाव विचारतं आणि त्या माहितीचा पुढे काहीच उपयोग करत नाही: एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत मॅग्नेशियम सल्फेट आणि दोन्हींची वेळ एकच, हेही ते जतन करून टाकतं. दाट द्रावणं एकत्र आली की जिप्समचा साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात. दोन नावांची तुलना करणारी एक ओळ कोडमध्ये असती तर हे टळलं असतं.

पेटीवरचा डिस्प्ले २० अक्षरांच्या चार ओळींचा आहे. या जातीच्या डिस्प्लेच्या चिपमध्ये स्वतः घडवलेली फक्त ८ अक्षरं बसतात, तीही ५ बाय ८ ठिपक्यांची. देवनागरीचा संसार त्यात मावत नाही, म्हणून मेनू रोमन अक्षरांतल्या मोडक्या मराठीत आहे. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ग्राफिक डिस्प्ले घ्यायला हवा होता, तोही उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षरांचा. इथली निळ्यावरची पांढरी अक्षरं दुपारच्या उन्हात दिसत नाहीत.

रंगांचाही गोंधळ आहे. शेजारच्या स्टार्टरवर लाल, पिवळा, निळा हे तीन दिवे लागले म्हणजे तिन्ही फेज हजर, सगळं ठीक. कंट्रोलरवर लाल दिवा म्हणजे बिघाड. पंपघरात रात्री टॉर्च मारणाऱ्याला हे दोन लाल वेगळे कसे कळावेत? बिघाडाचा दिवा लुकलुकता ठेवा आणि खाली शब्द लिहा.

मराठी एसएमएसमध्ये एका संदेशात ७० अक्षरंच बसतात. ही पेटी त्यातली निम्मी ‘नमस्कार, आपल्या ठिबक यंत्रणेकडून’ यातच घालवते. ‘व्हॉल्व्ह ३ बंद. दाब नाही. मोटर थांबवली.’ इतकं पुरे आहे.

घेणार असाल तर डेमो दुकानात नको, बागेत मागा. चौथा व्हॉल्व्ह चालू असताना मेन स्विच पाडायला सांगा, थोड्या वेळाने परत द्यायला सांगा आणि कोणता व्हॉल्व्ह उघडतो ते लॅटरलशी उभं राहून बघा. मग वीज बंद ठेवून पेटीतल्या घड्याळाचा सेल काढून परत घालायला लावा. वेळ चुकलेली असतानाही पेटी संदेश न देता वेळापत्रक चालवू लागली, तर सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत पैसे देऊ नका.