कोड्यांच्या मागे शहरभर
यंदा नववीच्या सहलीत गाइडऐवजी फोनवर कोडी सोडवत शहर फिरण्याचा हा खेळ घेतला. पाच-पाच जणांचा गट, गटामागे एक फोन. नकाशावरच्या ठिकाणी पोचलं की जीपीएसमुळे पुढचं कोडं उघडतं. एरवी पुतळ्याकडे ढुंकूनही न बघणारी पोरं चौथऱ्यावरच्या रोमन आकड्यांवरून हमरीतुमरीवर आली: एल म्हणजे 50 की 100? वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीनं ‘50’ म्हणून सांगितलं आणि कोडं सुटलं.

कुरकुर एकच, पण मोठी. वेळेलाही गुण असल्यानं मुलं रस्ता ओलांडताना धावतात. मी ते गुण मधेच बंद करायला लावले. उंच इमारतींच्या गल्लीत जीपीएस भरकटतं, दुपारपर्यंत बॅटरीही झोपते. पॉवर बँक न्याच.