माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांच्या स्टॅम्पवर मला काय मिळालं

मी पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दरमहा थोडे थोडे पैसे भरायच्या ठेवीची, एजंट आहे, १९ वर्षं झाली. सकाळी साडेनऊला घर सोडते ते मंडई, मच्छीबाजार, फुलगल्ली करत चारच्या सुमाराला घरी येते. एवढ्या वेळात मी पाणी पीत नाही, कारण बाजारात बायकांना जायला धड स्वच्छतागृह नाही. माझ्या खातेदार भाजीवाल्या पहाटे पाचपासून बसलेल्या असतात, त्याही पीत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात त्यांतल्या एका मावशींना लघवीचा त्रास होऊन दवाखान्यात ठेवावं लागलं आणि त्यांनी आरडी मोडली. तीन वर्षं पुरी झाली होती म्हणून मोडता तरी आली. तो फॉर्म भरताना माझा हात थरथरत होता. त्याच आठवड्यात मी आमच्या महापालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्या सगळ्या सेवेबद्दल लिहिते आहे, म्हणजे पुढच्या बाईचे दोन महिने वाचतील.

आधी पैशांचं. साध्या कागदावर 'जोडपत्र अ'चा नमुना, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. छायाप्रत पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला दाखला जोडला की फी माफ. इतक्या स्वस्तात सरकारी कपाट उघडतं हे मला पन्नाशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ज लिहिण्यात मात्र मी पहिल्यांदा चुकले. 'बायकांच्या बाबतीत असा दुजाभाव का केला जातो?' असं लिहिलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त हेडक्लार्क काकांनी ते वाचून कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "का विचारलंस की उत्तर येणार, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. कागद माग. जो कागद त्यांच्याकडे आहेच, तो माग." आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तोलूनमापून लिहिलं: सार्वजनिक स्वच्छतागृहांची प्रभागनिहाय यादी, प्रत्येक ठिकाणी पुरुषांच्या व स्त्रियांच्या सीट किती, मोफत की सशुल्क, गेल्या १२ महिन्यांच्या तपासणी नोंदवहीची प्रत. दुजाभाव असेल तर तो रकान्यांतून आपोआप दिसणार होता. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची कायद्यानं गरज नाही. टपाल खिडकीवर मला ते विचारलं गेलं. मी शांतपणे कलम ६(२) म्हटलं आणि शिक्का मारलेली पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, उत्तर द्यायचे त्यांचे ३० दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं. 'आपण मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' एक ओळ. त्या ओळीचा मला अजून राग आहे. शहरातल्या अर्ध्या माणसांसाठी किती दारं आहेत, हे कुणी एका कागदावर मांडलेलंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

पत्र हातात पडल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं, 'जोडपत्र ब' आणि २० रुपयांचा स्टॅम्प. पुष्कळ जणी इथेच सोडून देतात. सोडू नका, माझं काम अपिलातच झालं. सुनावणीला मी अपिलीय अधिकाऱ्यांना म्हटलं, "साहेब, संकलित नसेल तर नोंदवह्या दाखवा. दर महिन्याला शंभर खात्यांचा मेळ मी बसवते, हाही बसवीन." त्यांनी ऐकून घेतलं, अवलोकनाची परवानगी दिली आणि प्रती विनामूल्य द्यायचा आदेश केला. हे त्यांच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे.

खरं तर त्यासाठी अपिलाचीही गरज पडू नये. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली पाहू द्याव्यात, असं राज्य सरकारनं २०१८ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं आहे. आमच्या इमारतीत तसा फलक नाही. फलक लावायला कितीसा खर्च येतो?

नोंदवही काढून द्यायला एक तरुण लिपिक मुलगी होती. तिनं टेबल पुसून दिलं, फूटपट्टी दिली आणि मी विचारलं नसताना शेजारच्या प्रभागाचंही रजिस्टर आणून ठेवलं. निळ्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक, कडा दमटपणानं फुगलेल्या. मंडईची ओळ सापडली: पुरुष, मुतारी, ८, मोफत. स्त्रिया, शौचालय, ४, सशुल्क. स्थिती: 'चालू'. महिन्यामागून महिना तोच 'चालू', त्याच शाईत, त्याच वळणाचा. मी त्या चार दारांसमोरून रोज जाते. दोनांना कुलूप आहे, एकात झाडू आणि फिनेलचे डबे आहेत.

मग मी माझ्या धंद्याचा हिशेब केला. एका वेळेचे ५ रुपये, दिवसातून तीनदा, महिन्याचे २६ दिवस. ३९० रुपये. मावशींची आरडी महिन्याला ३०० रुपयांची होती. शेजारच्या गाळ्यातला त्यांचा भाऊ हे ३९० रुपये भरत नाही.

आणि आकडे सारखे असते, तरी ते पुरेसे झाले नसते. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे १ आणि २५ स्त्रियांमागे १ सीट धरली आहे, म्हणजे बाईला जास्त लागतात हे सरकारनंच मान्य केलं आहे. नेसती साडी, पाळी, कडेवरचं पोर, वेळ लागतोच. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ च्या डिसेंबरात राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं उभारण्याचे आदेश दिले. मुंबईत तर २०११ पासून कार्यकर्त्या याच माहिती अधिकारातून आकडे बाहेर काढत आल्या. माझी वही त्यांच्या मानानं एका मंडईएवढी आहे.

सेवा कशी वाटली? कायदा उत्तम, पाचपैकी पाच. कार्यालय अडीच, आणि त्यातलेही बरेचसे त्या मुलीचे आणि सुनावणीत ऐकून घेणाऱ्या साहेबांचे. वेळ लागला ७३ दिवस, खर्च ३० रुपये आणि रिक्षाभाडं. ज्यांची दिवसाची मजुरी बुडते त्यांना हे परवडणार नाही. त्यांच्यासाठी आमच्यासारख्या फिरत्या बायकांनी अर्ज टाकावेत, असं मी मनापासून सांगते. अडलात तर दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करता येतं. मला ती वेळ आली नाही.

मंडईच्या पानाची झेरॉक्स मी मावशींना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी मला 'चालू' हा शब्द नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं, मग कागदाची घडी घातली आणि तराजूखाली ठेवली. परवा आरोग्य निरीक्षक फेरीला आले तेव्हा मावशींनी तो काढला, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे असते ते विचारलं.

एक कुलूप निघालं आहे. दुसऱ्यासाठी मी नवा अर्ज टाकला आहे, या वेळी साफसफाईच्या ठेक्याची बिलं मागितली आहेत. पोच माझ्या आरडीच्या पिशवीत आहे.